पश्चिमेची पडवी

उंबरमाळ
२८ मे

आप्पा,

माझा फोन तुम्ही घेत नाही म्हणून लिहिते आहे. पत्र नको असेल तर पोस्टमनला तसं तोंडावर सांगावं लागेल, आणि अख्ख्या भाट्यात ते संध्याकाळपर्यंत पसरेल. तेव्हा घ्याल, असं वाटतं.

शेवटचे पाहुणे काल गेले. कोल्हापूरचं कुटुंब होतं. त्यांची आजी मे महिन्यात स्वेटर घालून पश्चिमेच्या पडवीत बसायची आणि प्रत्येकाला सांगायची, आमच्याकडे आत्ता पंखा गरम हवा फेकत असेल. ती मंडळी गेली आणि आज सकाळपासून उंबरमाळ आवरायला लागलं. वडापाववाला सावर्ड्याला भावाकडे चालला. तलावाजवळच्या दोन्ही हॉटेलांनी गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. घोडेवाले घोडे घेऊन परवाच खाली उतरले. या गावाचं वर्ष दोनच तुकड्यांचं. दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत एक, आणि एप्रिल-मे दुसरा. मधल्या पावसात सगळ्यांच्या दाराला कुलूप.

गेल्या वर्षी मीही कुलूप लावलं होतं. खाली तुमच्याकडे येऊन बसले आणि इथे बंद घरावरचे पडवीचे पत्रे गेले, माजघरावरची अर्धी कौलं गेली. या वर्षी कुलूप लावणार नाही. मी इथेच राहणार आहे.

"तिला म्हणावं, एक पाऊस त्या घरात काढून दाखव, मग माझ्याशी बोल." हे तुम्ही आईजवळ म्हणालात. आईने मला सांगितलं, तिला त्यावरून बोलू नका. तुम्ही रागात म्हणाला असाल, मी ते जसंच्या तसं घेतलं आहे. हा पाऊस या घरात काढला नाही तर दिवाळीत मी चावी तुम्हाला देऊन टाकीन आणि रत्नागिरीच्या हॉटेलात पुन्हा रिसेप्शनला उभी राहीन. काढला, तर तुम्ही माझ्याशी बोलायचं. इतकंच ठरलं आहे, आणि ते मी एकटीने ठरवलं आहे.

घराचं दार मी पूर्वेला नेलं. हे तुम्हाला आवडणार नाही. घर बांधताना जोत्यावर उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, घराचं तोंड वाऱ्याकडे हवं, भाट्याला आहे तसं. पण भाट्याला आपल्या आणि समुद्राच्या मध्ये सुरूचं बन आहे, माडांची रांग आहे. वारा आपल्या ओटीवर पोचेपर्यंत दमलेला असतो. इथे मध्ये काहीच नाही, दरी संपली की घर. इथल्या दादू धनगराने तेव्हाच सांगितलं होतं आणि आपण दोघेही त्याला हसलो होतो. पत्रे गेल्यावर सगळे जमले असताना मी म्हटलं, "आप्पा, घराचं तोंड चुकलं," आणि तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून एस्टी धरलीत. मी तेव्हा बोलले ते आजही मागे घेत नाही. तोंड चुकलंच होतं.

पश्चिमेची पडवी मात्र तशीच आहे. गवंडी म्हणतो, चिऱ्याची भिंत घालून टाका, एक खिडकी ठेवा. मी नाही म्हटलं. डिसेंबरात दिवस मावळताना तिथून समुद्राची रेघ दिसते. गिऱ्हाईक त्या रेघेसाठी येतं. दुसरं काही कारण नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.

अक्षया


उंबरमाळ
११ जून

आप्पा,

आईशी बोलणं झालं. रेंज घरात येत नाही, पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. आई म्हणाली, "वाचलंनी. घडी घातलंनी. उशीखाली ठेवलंनी. पण बोलले काय नाहीत." उशीखाली ठेवलंत म्हणजे फाडलं नाहीत. मला तेवढं पुरतं.

घरात मी एकटी नाही, हे आधी सांगते, म्हणजे रात्री जागणार नाही तुम्ही. मागच्या खोलीत ऋतिका राहते. इथल्या शाळेत शिक्षिका आहे, लांज्याची. पावसात शाळा चालू असते त्यामुळे तिला खाली जाता येत नाही. स्वयंपाक बरा करते, बोलते फार. पालीशी बोलते, स्टोव्हशी बोलते. पहिल्या दिवशी मला विचारलं, तुमचे वडील होडीवर तांडेल होते ना, मग तुम्ही डोंगरावर कशाला चढलात? मी म्हटलं, समुद्र लांबून बरा दिसतो. खरं तर भाट्यात सगळे लग्नाचं विचारतात आणि इथे कुणी विचारत नाही.

आता काम. इथे पावसाआधी घराच्या पश्चिम अंगाला झडी बांधतात. कारवीच्या काठ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर वाळलं गवत दाबून बसवायचं आणि ती अख्खी चटई घराला बाहेरून बांधायची. दादूने आणि मी मिळून पडवीसाठी सहा झडी केल्या. दादू काम करताना तुमचं नाव काढतो. म्हणाला, "विठू तांडेल असता तर म्हणाला असता, झडी पण समुद्राकडे तोंड करून बांधा." मी त्याला चहा दिला नाही. मग दिला.

झडी त्याने कचकचून आवळल्या. म्हणाला, हत्ती आला तरी हलणार नाहीत. परवा पहिला वारा आला आणि दोन झडी गेल्या. एक शाळेच्या मैदानात सापडली, ऋतिकाची मुलं तिच्यावर बसून डबा खात होती. दुसरी दरीत. दादू म्हणतो, अशा चुकीच्या घराला कसल्याही झडी टिकायच्या नाहीत, भिंत घाल. गावात घरं पूर्वेला तोंड करून आहेत, त्यांना मागची भिंत झाकायची असते. उघडी पडवी झाकायची पाळी त्याच्यावर कधी आलेली नाही, म्हणून त्यालाही नीट सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. शीड बांधताना आवळून बांधायचं की ढील ठेवायची? आणि ढील ठेवायची तर वर की खाली? लिहायचं नसेल तर आईला सांगा, ती मला सांगेल.

अक्षया


उंबरमाळ
२७ जून

आप्पा,

तुम्ही कळवलं नाही. आईने दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही रेडिओ मोठा केलात म्हणे. ठीक आहे.

माझं मी केलं. शिडाचं मला आठवेना, कारण मी जन्मले तोवर तुमच्या होडीला इंजिन आलं होतं. पण पावसाच्या तोंडावर होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायचो ते आठवलं. मी दोरीचं एक टोक धरून उभी असायची आणि तुम्ही ओरडायचात, "अगो, खाली वीतभर मोकळं सोड, नायतर वारा आत कोंडतो." होडी कुजू नये म्हणून ते सांगता असं मी समजत होते. वारा कोंडला की तो झाप उचलून नेतो, हे तेव्हा कळलं नव्हतं.

मग सगळ्या झडी सोडल्या. नव्या दोन केल्या. खाली वीतभर जागा ठेवली, वरच्या बाजूलाही पत्र्याखाली थोडी. दोऱ्या आवळल्या नाहीत, ओढल्या की जरा हलतील इतपत ठेवल्या. दादूने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, "ही काय झडी बांधलीस का पाळणा?" तो निघून गेला आणि दोन दिवस आला नाही.

त्या दोन दिवसांतच वारा आला. घरात बसून ऐकला. तुम्हाला सांगायचं तर दरीतून तो वर येतो तेव्हा आधी खाली कुठेतरी दगडावर आपटल्यासारखा वाजतो, मग जरा थांबतो आणि मग घरावर येतो. त्या थांबण्यात काय करावं कळत नाही. मी भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली. ऋतिका वहीवर शेरे लिहीत होती, सगळ्या मुलांना तिने "छान" दिलं. झडी आत-बाहेर, आत-बाहेर होत राहिल्या, माणसाच्या छातीसारख्या. पहाटे वारा उतरला तेव्हा सहाच्या सहा जागेवर होत्या.

दादू आला, प्रत्येक दोरी ओढून बघितली आणि म्हणाला, वाईच चहा ठेव. इथे याला कबुली म्हणतात.

बाकी घर म्हणजे ढगाच्या पोटात राहिल्यासारखं आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धुकं चालत जातं. मिठाचं पाणी झालं. काडेपेटी तव्यावर गरम करून वापरतो. चादर अंगावर घेतली की ती आधी आपल्याकडून ऊब घेते, मग देते. मला भीती वाटते का, असं आईने विचारलं. नाही म्हणून सांगितलं आहे. तुम्ही विचारलंत तर वेगळं उत्तर देईन.

अक्षया


उंबरमाळ
१९ जुलै

आप्पा,

अक्षर वेगळं दिसेल. ऋतिकाचं आहे, मजकूर माझा. दिवसभर आवराआवर चालली आहे, हात मोकळा नाही म्हणून तिला सांगते आहे आणि ती लिहिते आहे.

सगळं नीट आहे. पाऊस भरपूर आहे पण तो असणारच. कौलं कुठेही गळत नाहीत. माजघरात एक ओल आली होती, ती बाहेरून डांबर लावून बंद केली. नाताळासाठी पुण्याच्या लोकांनी दोन खोल्या विचारून ठेवल्या. मी त्यांना सांगितलं, घर पावसाला उभं आहे, तेव्हा या.

आईच्या हाताला खाज येते म्हणत होती, तिला पाण्यात जास्त वेळ काम करू देऊ नका. तुम्ही भाकरी भाजायला शिकलात तरी चालेल.

अक्षया

(काका, नमस्कार. मी ऋतिका. ही मला सांगते आहे तसं मी वर लिहिलं, आता माझं लिहिते. हिचा उजवा हात मनगटात मोडला आहे. कोपऱ्यातली झडी सैल झाली म्हणून ही भर पावसात शिडी लावून चढली आणि शिडी शेवाळावरून सटकली. मी खाली शिडी धरून होते, तरी सटकली. दादूंनी आणि मी हिला जीपमध्ये घालून देवरुखला नेलं. प्लास्टर आहे. ताप नाही. डॉक्टर म्हणाले, खाली घरी जाऊन आराम करा. ही त्यांना म्हणाली, हेच माझं घर. मी मुलांना खोटं बोलू नका असं शिकवते, म्हणून कळवलं. ती आत्ता चहा करायला गेली आहे, एका हाताने. पत्र मी लगेच चिकटवते.)


उंबरमाळ
३१ जुलै

आप्पा,

हे डाव्या हाताने लिहिते आहे, समजून घ्या. ऋतिकाने तुम्हाला हाताचं कळवलं म्हणून तिच्याशी मी तीन दिवस बोलले नाही. ती पालीशी बोलून निभावत होती.

काल टाकीवर चढले होते. (चढायला एक हात पुरतो.) आई म्हणाली, "पिशवी काढलंनी. छत्री काढलंनी. मी विचारलं कुठे, तर म्हणतात, तिला आणाची."

येऊ नका, आप्पा. पहिली गोष्ट, घाटात दरड आली आहे. एस्टी खालच्या फाट्यापर्यंतच येते, पुढे चालत यावं लागतं, आणि तुमचे गुडघे मला माहीत आहेत. दुसरी गोष्ट, मला आणायला यायचं काही कारण नाही. हात मोडला तो घरामुळे नाही, माझ्या घाईमुळे. घर उभं आहे. गेल्या आठवड्यात तलावाजवळच्या हॉटेलचा मागचा छज्जा गेला आणि इकडे कोपऱ्यातल्या झडीखेरीज काही हललं नाही. तिची दोरी दादूने खालूनच बांधली आहे कशीबशी, तो वर चढत नाही, त्याला चक्कर येते.

मी आत्ता खाली आले तर पाऊस अर्धा काढला असं होईल. अर्ध्याला काही अर्थ नाही. तुम्हीच मला शिकवलंत की खाडीच्या तोंडाशी, लाट फुटते त्या जागी, होडी वळवायची नाही, सरळ काढायची.

यायचंच असेल तर मला न्यायला येऊ नका. घर बघायला या.

अक्षया


उंबरमाळ
६ ऑगस्ट

आप्पा,

हे पोस्टात टाकणार नाही. तुम्ही पश्चिमेच्या पडवीत बसलेले मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसताय. चहाबरोबर देणार आहे. समोरासमोर बोलायला गेले की मी ओरडते आणि तुम्ही उठून जाता, म्हणून लिहिलेलं बरं.

काल दुपारी तुम्ही आलात तेव्हा मी धुक्यात आधी छत्री पाहिली. गावात तुमच्याएवढी मोठी काळी छत्री कुणाची नाही. फाट्यापासून चालत आलात. पायाला जळवा लागल्या होत्या आणि तुम्हाला पत्ता नव्हता, ऋतिकाने मीठ लावून काढल्या. तुम्ही तिला म्हणालात, पत्र तू लिहिलंस ना, बरं केलंस. मला काहीच म्हणाला नाहीत. पूर्वेचं दार बघितलंत, त्याच्यातून आत आलात, माझ्या हाताकडे बघितलंत आणि सरळ मागे पडवीत गेलात. एकेक दोरी ओढून बघितलीत. प्रत्येक झडीखाली वाकून हात घातलात, खाली सोडलेली जागा मोजल्यासारखा. ते मी पाहिलं. तुम्हाला वाटलं मी तांदूळ निवडते आहे.

तुम्ही कालपासून माझ्याशी दोनदाच बोललात. पहिल्यांदा, "या गाठी कुणी मारल्या?" मी म्हटलं, मी. तुम्ही मान हलवलीत, ती हो की नाही ते मला कळलं नाही. दुसऱ्यांदा जेवताना. "सामान बांध. पुनव आली, पुनवेला घरात हवीस. उद्या दुपारच्या गाडीने निघू."

सामान बांधलेलं नाही, आप्पा.

नारळी पौर्णिमेला तुमच्या घरात मी लहानपणापासून आहे, आणि या वर्षी नसेन तर आईला वाईट वाटेल, मलाही वाटेल. नारळ तिने माझ्या नावानेही समुद्रात सोडावा. पण मी इथून हलणार नाही. पाऊस अजून उरलाय. दादू म्हणतो, श्रावणातला वारा मागच्या पायाने येतो, गेला असं वाटलं की फिरतो. तो फिरेल तेव्हा मला या घरात असायचं आहे. कुलूप लावून गेल्या वर्षी मी काय गमावलं ते तुम्ही पाहिलंय.

तुम्हाला वाटतंय की मी हट्टाने राहते, तुमचं चुकलं हे सिद्ध करायला. तसं नाही. तसं असतं तर गवंडी म्हणाला तेव्हाच पडवीला भिंत घातली असती. सगळ्यांनी सांगितलं, भिंत घाल, प्रश्न मिटेल. भिंत घातली की तुम्ही बांधलेलं घर उरलं नसतं. मला दार माझ्या समजुतीने हवं होतं आणि पडवी तुमची हवी होती. दोन्ही एका घरात टिकतात का, तेच मी बघत होते. त्यासाठी हा पाऊस.

काल रात्री वारा आला. तुम्ही माजघरात झोपला होतात, निदान पडला होतात. मी जागी होते. कोपऱ्यातली झडी आपटायला लागली तसे तुम्ही उठलात, बॅटरी घेतलीत, आणि मला वाटलं आता मला हाक मारणार, चल म्हणणार. तुम्ही पडवीत गेलात. स्टुलावर चढलात, त्या गुडघ्यांनी. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग आपटणं थांबलं. तुम्ही परत येऊन पडलात. सकाळी चहा देताना तुमच्या तळहातावर दोरीचा वळ पाहिला.

एस्टी फाट्यावरून चारला सुटते. चालत जायला वेळ लागतो, त्यामुळे तुम्हाला दोनला निघावं लागेल. दादू सोबत येईल, मी त्याला सांगून ठेवलं आहे. तुमचा शर्ट चुलीवर वाळवून पिशवीवर ठेवला आहे. जायचं असेल तर जा, मी रागावणार नाही आणि पाऊस संपला की पहिल्यांदा तुम्हाला फोन करीन. तो मात्र घ्यायचा.

पण तुमच्याबरोबर मी निघणार नाही. हे या पत्रात एवढ्यासाठी लिहिलं की तोंडाने सांगताना माझा आवाज चढतो आणि मग तुम्हाला आवाजच ऐकू येतो.

कागदाची मागची बाजू कोरी आहे. पेन्सिल बशीत ठेवली आहे.

अक्षया


(मागच्या बाजूला, पेन्सिलने)

दादूला सांग, फाट्यावर जाऊन कंडक्टरबरोबर आईला निरोप दे. मी पाऊस संपल्यावर येतो. पुनवेला माझा नारळ पण तिनेच सोडावा.

कोपऱ्यातली वरची दोरी कुजली आहे. काल तात्पुरती बांधली. नवी लागेल. सुंभ नको, नायलॉन आण.

ढील तू बरोबर ठेवलीस. खालून अजून दोन बोटं चालेल.

दार पूर्वेलाच असू दे.

आप्पा